टकरीच्या फाइली

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

दिवाळी अंकाचं फोल्डर आता चार यंत्रांवर आहे. पुण्यात माझा लिनक्सवाला लॅपटॉप आणि माझा फोन, साताऱ्यात आप्पांचा विंडोज डेस्कटॉप, आणि तिथेच राजवाड्याजवळ डीटीपीवाल्या काकांचा जुना पीसी. आप्पांचा फोन धरला तर पाच, पण तो कधी हजर असतो, कधी गैरहजर. जोडणी सिंकथिंगची. मध्ये फाइली साठवणारा कुणाचा सर्व्हर नाही की महिन्याचं भाडं नाही. एका यंत्रावर बदल झाला की ते बाकीच्यांना कळवतं, एवढंच.

आज संपादकीयाच्या फाइलीशेजारी तिच्याच नावाची दुसरी फाइल दिसली. नावाला लांबलचक शेपूट. आप्पांचा लगेच फोन, "काय गं, व्हायरस शिरला का?"

व्हायरस नाही. त्या शेपटीत बरीच माहिती असते. आधी 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' ही अक्षरं, मग वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिटं-सेकंद आणि शेवटी टकरीत सापडलेल्या एका यंत्राच्या ओळखक्रमांकाची पहिली सात अक्षरं. यातली वेळ मात्र फसवी. ती मजकूर लिहिल्याची नव्हे, टक्कर हाताळली गेली त्या क्षणाची. आप्पांनी रविवारी रात्री नेट बंद असताना एक परिच्छेद लिहिला. मी तेव्हाच इकडे शुद्धलेखन तपासत होते. आज सकाळी त्यांचा डेस्कटॉप नेटवर आला आणि दोन्ही बदल समोरासमोर आले, म्हणून नावात सोमवार. "आज मी फाइलीला हातच लावलेला नाही" हे आप्पांचं म्हणणं खरं, आणि फाइलीचं नावही खोटं नाही.

शेपटीवाली फाइल एकदा तयार झाली की ती इतर फाइलींसारखीच वागते, म्हणजे सगळ्या यंत्रांवर पोचते. काकांचा मेसेज आला, "ताई, यंदा दोन संपादकीयं लावायची का?" बऱ्याच जणांना हा त्रास वाटतो. मला उलट वाटतं. चांगली कोणती, हे यंत्राला ठरवता येत नाही आणि ते तसं उघड सांगतं. 'नंतर सेव्ह केलेली खरी' असं परस्पर ठरवून दुसरी प्रत गिळून टाकणाऱ्या सोयी मी पाहिल्या आहेत. तिथे शेपूट दिसत नाही. परिच्छेद गेल्याचं अंक छापून आल्यावर कळतं.

दोन्ही उघडल्या, वाचल्या, एक केली.

बुधवार, ६ ऑगस्ट

काकांनी फोनवर विचारलं, "जी नंतर सेव्ह झाली ती ठेवायची, जुनी टाकायची, एवढं साधं त्याला कळत नाही का हो?"

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. नंतर म्हणजे कुणाच्या घड्याळानं नंतर? लेस्ली लॅम्पोर्टनं १९७८ साली यावर एक निबंध लिहिला, आजही संगणकशास्त्रात तो शिकवतात. दोन यंत्रांमध्ये निरोपच गेला-आला नसेल, तर त्यांच्यावरच्या दोन घटनांपैकी आधीची कोणती, या प्रश्नाला नेहमी उत्तर असतंच असं नाही. पुढे १९८३ मध्ये पार्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यातून फाइलींसाठी एक हिशेब मांडला. प्रत्येक प्रतीबरोबर प्रत्येक यंत्राच्या बदलांचा आकडा ठेवायचा.

काकांना आकड्यांनीच सांगितलं. समजा माझ्या लॅपटॉपचे तीन बदल झालेत, आप्पांच्या डेस्कटॉपचे दोन. म्हणजे ३-२. मी आणखी एक केला, ४-२ झालं. तो पोचायच्या आत आप्पांनी तिकडे एक केला, ३-३ झालं. आता ४-२ मध्ये आप्पांचा तिसरा बदल नाही आणि ३-३ मध्ये माझा चौथा नाही. ही टक्कर. तेच आप्पांनी माझा बदल पोचल्यावर लिहिलं असतं तर ४-३ झालं असतं. त्याच्या पोटात ४-२ आलेलंच आहे, मग जुनी प्रत मुकाट्यानं बदलली असती, आणि ते बरोबरच झालं असतं. यात घड्याळ कुठेही लागलं नाही.

घड्याळ लागतं ते पुढच्या पायरीवर. टक्कर झाली हे ठरलं, आता मूळ नाव कुणाला द्यायचं? ज्या प्रतीवर अलीकडची बदलवेळ आहे तिला मूळ नाव, जुनीला शेपूट. टक्कर ओळखण्यात घड्याळ आड येत नाही, पण साधं नाव आहे म्हणून तीच फाइल खरी, असं समजू नये.

"म्हणजे माझ्या दुरुस्त्या नेहमी शेपटीतच का जातात?" काका म्हणाले. ते 'नेहमी' कानाला खटकलं. पीसीच्या कोपऱ्यातल्या तारखेचा फोटो पाठवा म्हटलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

फोटो आला. काकांच्या पीसीवर जानेवारी २००९ चालू आहे.

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. वीज गेली की घड्याळ मागे जातं आणि काका सकाळी पीसी लावून थेट पानं लावायला बसतात, तारखेकडे कोण बघतो. त्यामुळे त्यांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती माझ्या आणि आप्पांच्या प्रतींपुढे सोळा वर्षांनी शिळी ठरत होती आणि टक्कर झाली की हरत होती. तरी बरं, हरलेली प्रत फेकली जात नव्हती. सेल दोन हजार बत्तीस नंबरचा, नाण्याएवढा, घड्याळवाल्याकडे मिळतो. काकांनी दुपारी बसवला, वेळ इंटरनेटवरून घ्यायची खूणही चालू केली.

याच घराण्यातला दुसरा आजार माझ्या लॅपटॉपवर असायचा, कारण त्यावर लिनक्सबरोबर विंडोजही आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ आहे असं धरतं. एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ साडेपाच तासांनी हलतं. पेनड्राइव्हवरच्या जुन्या फॅट पद्धतीतही स्थानिक वेळच लिहिली जाते, आणि तीसुद्धा दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी. दोन प्रतींच्या वेळांत बरोबर साडेपाच तासांचा फरक दिसला की मी मजकुराकडे नंतर बघते, आधी घड्याळाकडे.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीला दादा-वहिनी आले. भाची अंकाची चित्रं करते आहे, ती आयफोन आणि मॅक घेऊनच आली. "आत्या, मलाही फोल्डरमध्ये घे ना." घेतलं. आयफोनवर पार्श्वभूमीत सतत चालत राहायची मुभा अॅपला नसते, ती सिस्टीमच्या मर्जीनं अधूनमधून मिळते. म्हणून तिला एकच सांगितलं: फोनवर नुसतं बघ, काम मॅकवर कर.

अँड्रॉइडची गोष्ट वेगळी, पण शेवट तोच. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून फोन पडून राहिला की अॅप्सना झोपवायची व्यवस्था आली. त्यावर फोनच्या कंपन्या आपापली बॅटरी-काटकसर चढवतात. आप्पांचा फोन गुरुवारपासून झोपलेला होता. आज सकाळी देवळाच्या कट्ट्यावर बसून त्यांनी त्यातली गुरुवारचीच प्रत उघडली आणि दोन स्वल्पविराम घातले. झाली टक्कर. त्यांच्या फोनमध्ये त्या अॅपची बॅटरी 'अनिर्बंध' करायला लावली. ती सेटिंग सापडेपर्यंत वहिनींचा नारळीभात गार झाला.

आणखी एक. अँड्रॉइडवरचं मूळ सिंकथिंग अॅप २०२४ च्या डिसेंबरमधल्या आवृत्तीनंतर थांबलं आहे, आता दुसऱ्यांनी पुढे चालवलेली शाखा वापरायची. आप्पांच्या फोनवर जुनंच होतं, ते बदललं.

गुरुवार, १४ ऑगस्ट

आजचं प्रकरण वेगळंच. एका फोल्डरमध्ये 'दऱ्याखोऱ्यांतला पोस्टमन' नावाच्या दोन फाइली. शेपूट कुणालाच नाही. नाव अक्षर न् अक्षर तेच. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली असूच शकत नाहीत, हे भाचीलाही माहीत. तरी दोन होत्या, आणि लेखिकेच्या दुरुस्त्या निम्म्या एकीत, निम्म्या दुसरीत.

नावं डोळ्यांनी न बघता बाइटमध्ये उलगडून पाहिली. एका नावात सहा बाइट जास्त निघाले, तेव्हा उलगडा झाला. आपला 'ऱ्य' दोन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त लावून पुढे य दिला की दऱ्यातला ऱ्य तयार. पण युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली दुसरी वाटही चालू ठेवलेली आहे: साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक अदृश्य जोडक, मग य. पडद्यावर दोन्हींचं चित्र एकच. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि जोडकही तीनच घेतो. नावात ऱ्य दोनदा आला, म्हणून सहा. आप्पांच्या कीबोर्डनं एक वाट धरली होती, माझ्या फोनच्या कीबोर्डनं दुसरी. सिंकथिंगच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली, त्यामुळे टक्कर झालीच नाही. टक्कर झाली असती तर निदान शेपूट दिसलं असतं.

भाचीच्या जुन्या बाहेरच्या डिस्कमुळे तिसरी तऱ्हाही निघाली. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलींची नावं सुटी करून साठवायची, म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता. २०१७ नंतरच्या एपीएफएसमध्ये ते होत नाही. ही तिसरी तऱ्हा मात्र सोपी आहे. ऱ आणि र-नुक्ता युनिकोडच्या नियमानं समान मानले जातात, त्यामुळे नावं एकरूप करायची सिंकथिंगची सेटिंग त्यांना एक करते. अदृश्य जोडकवाला ऱ्य त्या नियमात बसत नाही, तो कुणीच आपोआप दुरुस्त करणार नाही.

ॲ चंही तेच दुखणं. २००८ मध्ये युनिकोडनं ॲ ला स्वतःचा क्रमांक दिला, ०९७२. त्याआधी सगळे अ वर चंद्र ठेवून काम भागवत, काही कीबोर्ड अजून तेच करतात. हे दोन दिसतात एकसारखे, पण नियमानं समान नाहीत. माझ्या या रोजनिशीत कुठला ॲ किती वेळा पडला असेल, देव जाणे.

हे प्रकरण नावापुरतं राहत नाही. काकांना मजकुरात 'दऱ्या' शोधून बदलायला सांगितलं, तर कथेतले निम्मे सापडतात, निम्मे लपून राहतात. संध्याकाळी पायथनमध्ये एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली: जोडकवाला ऱ्य दिसला की ०९३१ चा करायचा, अ-चंद्र दिसला की ०९७२ चा करायचा, नावांतही आणि साध्या मजकुरातही. काकांकडे येणारी प्रत्येक फाइल आता त्यातून गाळून जाईल.

नावं इंग्रजीत ठेवू या, असं हळूच सुचवून पाहिलं. आप्पा कडाडले, "मराठी अंकाच्या फाइली इंग्रजीत? मग कथाही इंग्रजीतच छापा!" क्रमांक आणि प्रकार एवढंच नाव ठेवायचं यावर तह झाला. 'कथा ०७'. यात ऱ्य नाही आणि ॲ ही नाही.

सोमवार, १८ ऑगस्ट

आप्पा म्हणाले, टाकलेले कच्चे खर्डे परत येतात, ही भुताटकी आहे. भुताटकी नाही, नियम आहे. एका यंत्रावर फाइल पुसली आणि त्याच सुमारास दुसऱ्यावर तीच फाइल बदलली, तर आजवर बदलाची बाजू जिंकायची आणि फाइल पुसणाऱ्याकडे पुन्हा हजर व्हायची. मला हे योग्यच वाटायचं, पुसलेलं परत आणण्यापेक्षा परत आलेलं पुसणं सोपं. गेल्या आठवड्यात सिंकथिंगची दुसरी मोठी आवृत्ती आली, तीत आता पुसणंही जिंकू शकतं, मग बदललेली प्रत शेपूट लावून बाजूला ठेवली जाते. अंक छापखान्यात जाईपर्यंत ही आवृत्ती कुणी घेऊ नये, असं सगळ्यांना कळवलं. नवे नियम दिवाळीनंतर शिकू.

बुधवार, २० ऑगस्ट

एका लेखाच्या नावात प्रश्नचिन्ह होतं. माझ्या लिनक्सला चालतं, विंडोजला चालत नाही. दोन्ही डेस्कटॉपवर तो लेख पोचलाच नाही. विसर्ग समजून कुणी कोलन टाकला तरी तीच गत.

दुसऱ्या लेखकाचं फाइलनाव म्हणजे लेखाचा पहिला परिच्छेदच. विंडोज नावातली २५५ अक्षरचिन्हं मोजतं, लिनक्स २५५ बाइट मोजतं. देवनागरीच्या हिशेबात ते ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलन्तही त्यात मोजायचे. आप्पांकडे ऐटीत बसलेली फाइल माझ्या दारात अडकली होती.

लहान-मोठ्या लिपीच्या अक्षरांचा घोळ, जो इंग्रजी नावांना विंडोज आणि लिनक्समध्ये नेहमी छळतो, तो देवनागरीत नाही. तेवढं एक सुख.

शनिवार, २३ ऑगस्ट

जाहिरातींचा हिशेब. माझ्या मते संपूर्ण फोल्डरमधली सगळ्यांत धोक्याची फाइल हीच. कथेच्या दोन प्रती झाल्या तर रायटरमध्ये दस्तऐवजांची तुलना करता येते, वर्डमध्येही 'कम्पेअर' आहे, फरक रंगात दिसतात आणि माणूस वाचून ठरवतो. साधा मजकूर असेल तर ओळीवार जुळवणारी हत्यारं तर कितीतरी. हिशेबाच्या तक्त्यात मात्र वाचून काही उमगत नाही. आप्पांनी एका सराफाचे पैसे आल्याची ओळ घातली. मी इकडे दुसऱ्याच जाहिरातदाराचा आकडा बदलला आणि वरच्या ओळींची क्रमवारी लावली. दोन्ही तक्त्यांची बेरीज आपापल्या परीनं बरोबर, आणि दोन्ही अपुरे.

रायटर आणि कॅल्क फाइल उघडी असली की शेजारी एक लपलेली कुलूप-फाइल ठेवतात. एका ऑफिसच्या नेटवर्कवर ती उपयोगाची असते. आमच्याकडे ते कुलूप साताऱ्याला पोचेपर्यंत आप्पांनी दार उघडलेलंच असतं. त्यावर विसंबत नाही.

उपाय तांत्रिक नाहीच. फाइल फाडली. वसुलीचा तक्ता आप्पांचा, त्यात मी लिहिणार नाही. दरांचा आणि पानांचा माझा, त्यात आप्पा लिहिणार नाहीत. बेरजेचा तिसरा तक्ता दोन्हींतून आकडे उचलतो, त्यात कुणीच लिहायचं नाही. "म्हणजे वाटण्याच झाल्या की," आप्पा म्हणाले. त्यांना ते आवडलेलं नाही. पण वाटणी झाल्यापासून त्यांना एकही फोन करावा लागला नाही, हे त्यांनी अजून मोजलेलं नसावं.

पासवर्डांच्या फाइलीसाठी वाटणी लागत नाही. कीपासएक्ससी दोन प्रती नोंदीनोंदीनं एकत्र करून देतं. सगळ्याच प्रोग्रॅम्सनी असं करावं, असं फार वाटतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आप्पांकडे दीड दिवसाचा गणपती, काल दुपारी विसर्जन झालं. रात्री कुणा पाहुण्याच्या मुलानं डेस्कटॉपवर 'कविता' हे फोल्डर रिकामं केलं. ते रिकामपण इमानेइतबारे सगळीकडे पोचलं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी जूनपासून सांगते आहे.

माझ्या लॅपटॉपवर जुन्या प्रती टप्प्याटप्प्यानं राखायची सेटिंग चालू होती: पहिल्या तासातली दर तीस सेकंदांना एक, दिवसभरातली दर तासाला एक, महिन्यातली रोज एक, मग आठवड्याला एक. कविता तिथून परत आल्या. यातली अट मात्र लोक वाचत नाहीत. ही व्यवस्था बाहेरून आलेल्या बदलाआधीचीच प्रत राखते. तेच फोल्डर माझ्याच हातून माझ्याच लॅपटॉपवर रिकामं झालं असतं, तर माझ्याकडे काही उरलं नसतं, दुसऱ्या कुणीतरी ती सेटिंग लावलेली असावी लागली असती. म्हणून आज काकांच्या पीसीवरही लावली, आणि एक प्रत रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर जाते, तिला सिंकशी काही देणंघेणं नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

लावून झालेल्या पानांचं फोल्डर काकांच्या पीसीवर 'फक्त पाठवा' केलं. आता तिथून बाहेर जाईल, कुणाचं आत जाणार नाही. माझ्याकडे आणि आप्पांकडे तेच 'फक्त घ्या'. आप्पांनी तरीही एक वेलांटी बदलून पाहिली. ती त्यांच्याच डेस्कटॉपवर बसून राहिली, मग मला फोन. वेलांटी बरोबर होती. काकांना तोंडी सांगितली.

कथांच्या फोल्डरमध्ये शेपटीवाली एकच फाइल उरली आहे. पोस्टमनच्या कथेचा शेवट. एक लेखिकेनं जुलैत पाठवलेला, दुसरा तिनंच परवा फोनवरून बदलून पाठवलेला. दोन्ही प्रती तिच्याच आहेत, घड्याळं ठीक आहेत, ऱ्य एकाच जातीचा आहे. एकत्र करण्यासारखं त्यांत काही नाही, कारण एकात पोस्टमन गाव सोडून जातो आणि दुसऱ्यात जात नाही. तिला विचारलं, तर म्हणाली, उद्या सांगते. आप्पांना जुलैचा आवडतो, मला परवाचा. काकांना पान ८७ आजच बंद करायचं आहे. परवाचा शेवट चार ओळींनी लांब आहे, ते शेजारची जाहिरात थोडी वर सरकवून दोन्ही बसतील असं पान लावून बघतायत.